मामांच्या अंगणातला वीरगळ आणि मी, सरकारी साक्षीदार

शनिवारी सकाळचे साडेदहा, म्हणजे आपल्यासारख्यांची मध्यरात्र. उशाशी मोबाइल टिंगटिंगला. टेंभुर्णीहून मामांचा व्हॉट्सअ‍ॅप. एक फोटो, खाली दोन ओळी. ‘पुण्याची पार्टी आलीय. पंचवीस देतो म्हणते. देऊ का?’

फोटोत मामांच्या अंगणातलं तुळशीवृंदावन होतं आणि त्याला टेकून उभा केलेला, कमरेएवढ्या उंचीचा एक कोरीव दगड. त्यावर तीन चौकटी. खालच्या चौकटीत लढणारा माणूस आणि आडवा पडलेला माणूस. मधल्या चौकटीत त्यालाच दोन्ही बाजूंनी धरून वर नेणाऱ्या अप्सरा. वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच. आणि अगदी टोकाला चंद्र-सूर्य. वीरगळ. आपल्याकडे लढाईत किंवा गाईगुरं वाचवताना मेलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभा करायचे, तो.

मी फोटो झूम केला. दगडाच्या डाव्या कोपऱ्यावर एक टवका उडालाय. तो कधी उडाला, कसा उडाला, मला पक्कं माहीत आहे. कारण तेव्हा दगडाचं दुसरं टोक मी धरलं होतं.

बॅक टू २०१३

त्या वर्षी मी दहावीची परीक्षा देऊन सुट्टीला टेंभुर्णीत होते. तुमच्यापैकी जे पुणे-सोलापूर हायवेनं जातात, त्यांच्यासाठी टेंभुर्णी म्हणजे चहाचा आणि ‘लघुशंकेचा’ स्टॉप. पंढरपूरकडे आणि कुर्डूवाडीकडे वळायचा फाटा. माझ्यासाठी मात्र ते आजोळ. उजनी धरण तिथून हाकेच्या अंतरावर. २०१३ चा तो उन्हाळा मोठ्या दुष्काळाचा होता. उजनीचा साठा ‘उणे’ झाला होता. म्हणजे काय ते मला तेव्हा कळत नव्हतं, एवढंच दिसत होतं की जिथे लाटा असायच्या तिथे भेगाळलेली माती होती, आणि त्या मातीत जुनी गावं वर आली होती. जोती, विहिरींचे काठ, पायऱ्या. इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं बुडालेलं देऊळ पाणी खूप खाली गेलं की दिसायला लागतं, ते बघायला तर लोक आजही गाड्या करून जातात.

आम्हीही गेलो होतो. पळसदेवला नाही, जवळच्याच एका काठावर. मामा, मामेभाऊ, मी आणि ट्रॅक्टर-ट्रॉली. लोक ट्रॉल्या भरभरून गाळ नेत होते, दगड नेत होते. कुणी गोठ्याच्या पायात घातला, कुणी धुण्यासाठी ठेवला. मामांना हा दिसला. ‘तुळशीपाशी शोभंल,’ एवढंच ते म्हणाले. चौघांनी उचलला, ट्रॉलीच्या फाळक्यावर आपटला, टवका उडाला. मामी संध्याकाळी ओरडली, ‘दुसऱ्याचा देव उचलून आणलाव व्हय!’ आणि मग तिनेच त्याला हळद-कुंकू वाहिलं. संपलं.

मला ते कधी चोरी वाटलं नाही. खरं सांगायचं तर मागच्या वर्षी मी एका डेकोर पुरवणीसाठी ‘टू-बीएचकेमध्ये अँटिक कॉर्नर’ असा सहाशे शब्दांचा लेख लिहिला होता. जुन्या वाड्याचा खांब, दगडी जातं, ‘एखादा रस्टिक शिल्पाचा तुकडा’. तो तुकडा कुठून येतो, हा प्रश्न मला एकाही वाक्यात पडला नव्हता. पुण्याच्या त्या पार्टीनंही असलंच काहीतरी वाचलं असणार. फार्महाउसच्या गेटपाशी लावायचाय म्हणे.

मामांना मी उत्तर दिलं, ‘थांबा. विचारून सांगते.’ आणि विचारायला लागल्यावर मी जिथे पोहोचले, ते टेंभुर्णीपासून फार लांब होतं.

मॅडिसन अव्हेन्यूचा मॅनेजर

न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर ‘आर्ट ऑफ द पास्ट’ नावाची गॅलरी होती. मालक सुभाष कपूर. भारतीय, दक्षिण आशियाई शिल्पांचा बडा व्यापारी. जगातल्या नामांकित म्युझियम्सना माल पुरवणारा. तमिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यात श्रीपुरंदन आणि सुत्तमल्ली ही दोन खेडी आहेत. तिथल्या चोळकालीन देवळांमधून २००६ ते २००८ च्या दरम्यान पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. त्यातला श्रीपुरंदनचा नटराज २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीत पोहोचला. किंमत ५० लाख अमेरिकन डॉलर.

आता खेड्यातल्या कुलूपबंद देवळातून निघालेली मूर्ती एवढ्या मोठ्या संस्थेला कशी विकता येते? कागदांवर. नटराजासोबत जी कागदपत्रं दिली गेली, त्यांच्यानुसार तो १९७० च्या आसपास दिल्लीत राहिलेल्या एका सुदानी मुत्सद्द्यानं विकत घेतला होता. तारीख बघा हं. चोरीच्या मालाच्या कागदांवर असल्याच तारखा सापडतात, कारण बेकायदा सांस्कृतिक व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आणि आपला पुरातन वस्तू व कलानिधी कायदा १९७२ चा. त्याआधी देश सोडला असं दाखवलं की माल ‘क्लीन’. प्रत्यक्षात देश सोडताना खोक्यांवर काहीतरी भलतंच लिहिलेलं असायचं. २००७ मध्ये न्यूयॉर्कला निघालेल्या कपूरच्या अशाच एका कन्साइनमेंटवर ‘संगमरवरी गार्डन टेबल सेट’ असं लिहिलं होतं!

कपूरला ऑक्टोबर २०११ मध्ये फ्रँकफर्ट विमानतळावर पकडलं आणि जुलै २०१२ मध्ये भारतात आणलं. पण माझं लक्ष खिळलं ते त्याच्यावर नाही, त्याच्या मॅनेजरवर. अ‍ॅरन फ्रीडमन. देवळाचं कुलूप यानं तोडलेलं नाही. भिंतीवरून उडी मारलेली नाही. हा ऑफिसात बसायचा. शिपमेंटची व्यवस्था, ग्राहकांशी पत्रव्यवहार, मूर्तींचे खोटे ‘पूर्वेतिहास’ जमवणं. आपल्या भाषेत बॅक ऑफिस. बॉसनं सांगितलेली फाइल पुढे सरकवायची. तुम्ही-आम्ही रोज करतो तेच, फक्त फाइलमध्ये देव होते.

४ डिसेंबर २०१३ रोजी मॅनहॅटनच्या कोर्टात फ्रीडमननं गुन्हा कबूल केला. एक आरोप कटाचा, पाच आरोप चोरीची मालमत्ता बाळगल्याचे. आणि तो सरकारी पक्षाला सहकार्य करायला लागला. त्या कबुलीतल्या यादीत ऑस्ट्रेलियाला विकलेला नटराज होता. तोपर्यंत ‘पुरावा काय?’ असं विचारता येत होतं. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटकडे देवळातल्या मूर्तींचे जुने फोटो होते, आणि सिंगापुरात शिपिंगमध्ये नोकरी करणारा एस. विजय कुमार नावाचा तमिळ माणूस ऑफिस सांभाळून, रिकाम्या वेळात ते फोटो म्युझियमच्या कॅटलॉगशी जुळवत बसला होता. (आपण वीकएंडला काय करतो हा प्रश्न मी इथे विचारणार नाही.) पण फोटो जुळणं वेगळं आणि ज्यानं माल पाठवला त्यानंच ‘हो, चोरीचा होता’ म्हणणं वेगळं. फेब्रुवारी २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या गॅलरीनं स्वतःच ‘आर्ट ऑफ द पास्ट’वर दावा ठोकला. ५ सप्टेंबर २०१४ ला ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांनी दिल्लीत नटराज परत केला. पुढे कपूरच्या व्यवहारांतून न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनी अडीच हजारांहून जास्त वस्तू जप्त केल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयानं कपूरला १० वर्षांची शिक्षा सुनावली.

मी हे सगळं वाचत असताना मामांचा परत मेसेज. ‘पार्टी चहा पिऊन बसलीय.’

खबऱ्या वेगळा, माफीचा साक्षीदार वेगळा

माझी एक वकील मैत्रीण आहे. तिला फोन लावला आणि म्हटलं, ‘मामांना माफीचा साक्षीदार करता येईल का गं?’ ती एवढी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग तिनं जे समजावलं ते असं.

खबऱ्या, ज्याला आपल्याकडे ‘झिरो पोलीस’ही म्हणतात, तो अंधारातला माणूस. त्याचं नाव पोलिसाला कोर्टातसुद्धा सांगायची सक्ती नसते. कस्टम्सला टीप देणाऱ्याला तर जप्त मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत बक्षीस मिळू शकतं. अमेरिकेतही हीच रीत आहे. २०१६ च्या न्यूयॉर्कमधल्या एका आर्ट डीलरवरच्या तक्रारीत तर माणसांच्या नावांऐवजी ‘इन्फॉर्मंट नंबर १’, ‘नंबर २’ असे आकडेच आहेत.

माफीच्या साक्षीदाराचं तसं नाही. तो स्वतः गुन्ह्यातला भागीदार असतो, आणि त्याला भर कोर्टात, आपल्या जुन्या मित्रांच्या तोंडावर उभं राहून बोलावं लागतं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३०६ होतं, जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ३४३ आहे. अट एकच, पण जीवघेणी. जे माहीत आहे ते सगळं, खरं सांगायचं. स्वतःचा वाटासुद्धा. जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच राहावं लागतं. काही लपवलं किंवा खोटं बोलला की माफी जाते आणि मूळ गुन्ह्याचा खटला परत डोक्यावर. आणि एवढं करूनही कोर्ट त्याच्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. साथीदाराच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याचा आधार शोधायचा, हा न्यायाधीशांचा जुना दंडक आहे.

‘आणि मुख्य म्हणजे,’ मैत्रीण म्हणाली, ‘सात वर्षं किंवा जास्त शिक्षेचे, नाहीतर सेशन्स कोर्टात चालणारे गुन्हे असले तरच ही भानगड. पुरातन वस्तू बेकायदा देशाबाहेर नेली तर जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. नुसतं त्या कायद्याखाली पकडलास तर माफी द्यायची सोयच नाही. चोरीचं, घरफोडीचं कलम जोडावं लागतं.’ नव्या न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये प्रार्थनास्थळातली मूर्ती चोरणं आता नाव घेऊन घातलंय, शिक्षा सात वर्षांपर्यंत. म्हणजे देवळातली मूर्ती पळवणाऱ्या टोळीतला एखादा आज फुटू शकतो. ट्रॉलीत दगड घालणाऱ्या मामांना ती ‘सवलत’ नाही!

मराठी माणसाला हा साक्षीदार नवा नाही. लाल किल्ल्यात १९४८ साली सुरू झालेल्या गांधीहत्येच्या खटल्यात पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. पुण्याच्या टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयातल्या मुलांनी १९७६-७७ मध्ये केलेले जोशी-अभ्यंकर खून तुम्ही आईबाबांच्या तोंडून ऐकलेच असतील. तिथेही त्या मुलांचाच एक सोबती फुटला आणि साक्ष द्यायला उभा राहिला. चौघे १९८३ साली येरवड्यात फासावर गेले. या दोन्ही खटल्यांबद्दल मोठ्यांशी बोलून बघा. आरोपींबद्दल ते तावातावानं बोलतात. माफीच्या साक्षीदाराचा विषय निघाला की चेहऱ्यावर एक विचित्र भाव येतो. त्याच्याशिवाय खटला उभा राहिला असता का, हे कुणी बोलत नाही. ‘फितूर’ एवढाच शब्द येतो.

मूर्तीच्या चोरीत या फितुराची गरज जरा जास्तच असते असं मला वाटतं. खुनात निदान मेलेला माणूस कोण हे कळतं. चोरलेल्या मूर्तीचं गावच पुसलेलं असतं. ती कुठली, कुठल्या गाभाऱ्यातली, कोणत्या ट्रकमधून गेली, हे फक्त हाताळणाऱ्यांना माहीत. ते बोलले नाहीत तर म्युझियमच्या काचेत ती ‘दक्षिण भारत, अंदाजे अकरावे शतक’ एवढीच उरते.

आणि कधी कधी बोलूनही काही उरत नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यातलं दिवेआगर आठवा. १९९७ मध्ये एका बाईंच्या बागेत जमिनीखाली सोन्याचा गणपती सापडला. रीतसर सरकारला कळवलं गेलं, देवळात स्थापना झाली. २४ मार्च २०१२ च्या पहाटे दरोडा पडला, देवळाच्या दोन रखवालदारांचा जीव गेला. आरोपी सापडले, सोनंही सापडलं, पण वितळवलेलं. चोरांच्या लेखी तो फक्त सोनं होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा मूर्ती बसवली, ती नव्यानं घडवलेली.

माझ्या डोक्यात तो गेटवरचा वीरगळ आला. फार्महाउस एकदा विकलं जाईल. दुसरा मालक येईल. त्याला विचारलं तर म्हणेल, पुण्याहून घेतला. टेंभुर्णीचा, उजनीच्या तळातल्या गावाचा, हे सांगणारं कोण? मामा, मामेभाऊ आणि मी. मामेभाऊ तर हिंजवडीत बसून ‘तू नको त्यात पडूस’ असं लिहीत होता.

रविवारची एसटी

दुसऱ्या दिवशी स्वारगेटहून सोलापूरची गाडी पकडली. अशा गोष्टी फोनवर होत नाहीत.

मामा ओट्यावर बसले होते. पार्टीनं पाच हजार ॲडव्हान्स ठेवला होता, तो मामीनं देवघरात ठेवला होता. मी कपूर, नटराज, ऑस्ट्रेलिया सगळं सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकलं.

‘आगं, त्यो कोट्यधीश चोर. आन् मी? सगळ्या गावानं दगडं नेली की. मी येकट्यानं नेलाय व्हय?’

हा मुद्दा बिनतोड होता. सगळ्यांनी नेले. मी कायदा काढला. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवायचं, असं १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. शंभर वर्षांपेक्षा जुन्या शिल्पाची नोंदणी १९७२ च्या कायद्यात आहे. हा दगड नेमका कुठल्या कलमात बसतो यावर वकील वाद घालतील, पण जागा धरणासाठी संपादित झालेली, म्हणजे विकायला तो आपला नाहीच.

‘मंग तू आता माझ्यावर केस करणार?’

याला काय उत्तर देणार? मला पहिल्यांदाच कळलं की फ्रीडमनबद्दल वाचताना मी सगळा वेळ नटराज परत येण्याचाच विचार करत होते. त्या माणसाला ज्या माणसासमोर तोंड उघडायचं होतं, त्याच्यासोबत त्यानं वर्षानुवर्षं डबा खाल्ला असेल, हे डोक्यात आलंच नव्हतं. इथे तर ज्यांनी मला सायकल शिकवली ते मामा होते.

मी म्हटलं, ‘मामा, दगड मीपण उचललाय. अर्जात तेही लिहिणार आहे.’

ते उठून आत गेले. दुपारभर बोलले नाहीत. मामीनं ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी वाढली आणि हळूच म्हणाली, ‘त्येंला पैशाचं न्हाई गं. गावात काय म्हणतील, भाचीनंच मामाला अडकीवलं.’ आमच्या या माढा तालुक्याला देव लपवायची सवय जुनी आहे. अफजलखानाच्या स्वारीत पंढरपूरचा विठ्ठल माढ्याला आणून ठेवला अशी आठवण इथे सांगतात, आणि रा. चिं. ढेरे यांनी तर माढ्याच्या देवळातली मूर्ती हीच आद्य विठ्ठलमूर्ती असं मत मांडलं होतं. देव लपवणाऱ्याला इथे मान आहे. कुठे लपवला हे सरकारला सांगणाऱ्याला नाही.

चार वाजता मी ओट्यावर अर्ज लिहायला बसले. प्रति, मा. तहसीलदार. विषय, पुरातन शिल्प आढळल्याबाबत. कधी, कुठून, कशातून आणला. डाव्या कोपऱ्यावरचा टवका कसा उडाला. सध्या कुठे आहे. खाली माहिती देणाऱ्याचं नाव, म्हणून माझं नाव लिहिलं आणि सही केली.

मामा चष्मा लावून मागे येऊन उभे राहिले होते. सगळा अर्ज वाचला. ‘हितं चूक हाय,’ म्हणाले. ‘चौघांनी न्हाई, पाच जणांनी उचलला. सालगडी हुता. त्येचं नाव नको घालू, पण आकडा बरोबर लिही.’

मी चारचे पाच केले.

‘आन् खाली माझं बी नाव घाल. ट्रॉली माझी हुती.’

सोमवारी सकाळी आम्ही दोघं माढ्याला जाऊन अर्ज देऊन आलो, पोच घेतली. येताना मामांनी पार्टीला फोन लावला आणि ॲडव्हान्स परत न्यायला सांगितलं. तिकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं. मामा नुसते ‘व्हय, व्हय’ करत होते. हा मजकूर छापायला देईपर्यंत पंचनाम्याला कुणी आलेलं नाही. वीरगळ तुळशीपाशीच आहे, मामी रोज हळद-कुंकू वाहते आहे, आणि मामांनी त्याच्याशेजारी खडूनं भिंतीवर अर्जाचा आवक नंबर लिहून ठेवलाय.